आधी पाणी पाळा, मग मासे!

सध्या आमच्या हॉस्टेलवर एकच विषय गाजतोय, कॉमन रूममधला फिशटँक! वर्गणी जमतेय, टी.व्ही.शेजारची जागाही पक्की झालीय. वाद एकाच गोष्टीवर आहे : मासे कोणते? गोल्डफिश काय, सगळ्यांकडेच असतात. म्हणून काही जणांनी थेट ॲमेझॉन गाठलंय. दक्षिण अमेरिकेच्या नदीत पकडलेले अस्सल डिस्कस आणायचे म्हणे! "अबे, वर्गणी देऊन रायलो ना आपण, मंग मासे बी भारीच पायजे!" असा त्यांचा बिनतोड मुद्दा. माझा या बेताला विरोध आहे. तो पैशांमुळे नाही, पाण्यामुळे आहे.

डिस्कस हा सिक्लिड कुळातला मासा. ताटलीसारखा गोल आणि चपटा. १८४० साली हेकेल या शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं. याच्या पिल्लांना आई आणि बाप दोघेही स्वतःच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊ घालतात. असा मासा कुणाला आवडणार नाही? पण तो राहतो कुठे ते बघा. ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीचं पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखं दिसतं. त्याचा पीएच ४ ते ५ च्या आसपास आणि त्यात क्षार जवळजवळ नाहीतच.

आता आपलं पाणी. आपल्याकडचा खडक काळा, बेसाल्टचा. त्यातून येणारं विहिरीचं नि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पुरावा हवा असेल तर आपल्या रूममधला पाणी तापवायचा रॉड बघा. त्यावरचा पांढरा थर कुठून आला? फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला ईडीटीए टाकून आपण वाइन रेडचा निळा रंग होण्याची वाट बघत बसतो, ते हेच पाणी! पण सबमिशन झालं की जर्नल बंद आणि ज्ञानही बंद.

पीएचची मोजपट्टी लॉगरिदमची असते हे सर्वांना पाठ आहे. म्हणजे ५ वरून ८ वर जाणं हा तीनचा फरक नसून हजारपट फरक आहे. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून पाण्यात अमोनिया येतो. पीएच ६ वरून ८ वर गेला की त्यातला विषारी भाग सुमारे शंभर पटीने वाढतो. पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्ये पैदास झालेले मासे आपल्या पाण्याशी बऱ्यापैकी जुळवून घेतात. नदीतून पकडलेल्या माशाला ती सवय कुठून असणार? त्याला तर कोरडं खाद्य हे खाणं आहे हेसुद्धा शिकावं लागतं.

वर आपला विदर्भाचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. डिस्कसला २८ ते ३० अंश पाणी मानवतं, पण पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. अशात लाईट गेली की फिल्टर बंद, आणि अमोनिया पचवणारे जिवाणूही गुदमरतात. आणि मुख्य प्रश्न : सेमिस्टर संपल्यावर मेसला कुलूप लागतं, आपण गावी जातो, तेव्हा पाणी कोण बदलणार? वॉचमन काका?

काही जण म्हणतील, आरओ लावू. लावा ना! पण साध्या आरओत एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. उन्हाळ्यात आंघोळीच्या बादलीवरून भांडणारे आपण, माशांसाठी एवढं पाणी नालीत सोडणार का? त्यापेक्षा पावसाचं पाणी मऊ असतं. आपल्याकडे वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर म्हणजे एक लाख लिटर! हा खरा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट.

मला कुणी भूतदयेचा पुतळा समजू नये. नदीतले मासे पकडणं हे सरसकट पाप आहे असं मी म्हणत नाही. रिओ निग्रोकाठच्या बार्सेलोस गावात शोभेचे मासे पकडून कित्येक कुटुंबं जगतात. तिथे माशांचा उत्सवही होतो, त्यात एक गट कार्डिनल टेट्राचा आणि दुसरा डिस्कसचा! माशांवर पोट चालतं म्हणून जंगल राखायलाही त्यांना कारण मिळतं. पण म्हणूनच, इतक्या लांबून आलेला जीव आपल्या हौसेपायी आठवड्यात मरू देणं जास्तच वाईट.

"नाही जमलं तर धाम नदीत सोडून देऊ" हाही एक तोडगा ऐकला. तो सर्वांत घातक! तिलापिया हाही सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला आणि आज तो नद्या-तलावांत इतका माजलाय की देशी मासे मागे पडले. सेवाग्रामच्या आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा जपून ठेवलाय. सापाला न मारता पकडायचं आणि लांब त्याच्या जागी सोडायचं, यासाठी तो होता. जीव सोडतानाही जागा बघावी लागते, एवढं आपल्या गावात राहून तरी शिकायला हवं.

तेव्हा माझी सूचना अशी. टँक जरूर आणा. पण पहिला महिना मासे न टाकता फक्त पाणी पाळा. दर आठवड्याला टायट्रेशन करा, पीएच आणि अमोनिया मोजा, आकडे नोटीस बोर्डवर लावा. केमिस्ट्रीच्या सर-मॅडमनी लॅब उघडी ठेवावी ही विनंती. सुट्टीतली ड्युटी नावानिशी ठरवा. हे जमलं तर टँकमध्ये वाढलेले एंजल आणा, तेही सिक्लिडच आहेत आणि आपल्या पाण्यात निभावतात. वर्षभर ते जगले, तर डिस्कसच्या गप्पा मारायला मीही येईन, वर्गणीसकट!