मधुमेह, भाकरी आणि रेशनचे अर्थशास्त्र

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांच्या मनात अजूनही घर करून आहे. गादीवर बसून तूप-साखर खाणाऱ्याला तो होतो, उन्हात राबणाऱ्याला होत नाही, असे मानले की प्रश्न आपला उरत नाही. वस्तुस्थिती मात्र या समजुतीला धरून राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरी भागात तर गरिबांमध्ये या रोगाचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा अधिक असल्याचे याच पाहणीने २०१७ मध्ये दाखवून दिले होते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे ज्यांचे निम्मे जीवन शहरी झाले आहे, त्या शिरूर-दौंडच्या कष्टकऱ्यांना हा इशारा लागू नाही असे कोण म्हणेल?

राबणाऱ्यालाच का?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग याच परिसराने जगाला दिला आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. पुढे के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांच्या अपत्यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ अशा या मातांची बालके जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोग्रॅम वजनाची होती. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांच्या तुलनेत ती कितीतरी हलकी होती. पण त्यांच्या देहात कमी होते ते स्नायू. चरबी जवळजवळ तेवढीच टिकून होती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे हे भारतीय मूल पुढे मधुमेहाला लवकर बळी पडते. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्या मातांच्या आहारात अधिक होते, त्यांची बाळे अधिक वजनाची निपजली, हेही याच अभ्यासातून २००१ मध्ये पुढे आले.

याचा अर्थ असा की, हा रोग केवळ आजच्या ताटातून आलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्याचे ते व्याज आहे. १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरीवर आणि दुष्काळी कामावरच्या सुकडीवर ज्यांच्या मातांनी दिवस काढले, ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. पोटात असताना ज्या देहाला उपासाची सवय लागली, त्याच देहावर आता स्वस्त धान्य, साखर आणि यंत्राजवळ उभे राहून करावयाचे काम येऊन पडले आहे.

एका ताटाचा हिशेब

आहारातील पिष्टमय व गोड पदार्थ कमी करून त्यांची जागा प्रथिने, भाज्या आणि माफक स्निग्ध पदार्थांना देणे, हा मधुमेह आवरण्याचा एक परिणामकारक मार्ग आहे. त्यामागील शास्त्र सोपे आहे. भात, पोळी, भाकरी, साबुदाणा, बटाटा यांचे पोटात गेल्यावर साखरेतच रूपांतर होते. मधुमेही देहाला ही साखर हाताळता येत नाही. म्हणून ती मुळातच कमी आत जावी, एवढाच या आहाराचा आग्रह आहे.

दौंडच्या एखाद्या गुऱ्हाळावरील मजुराच्या खाण्याचा हिशेब मांडून पाहावा. एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ धरले तर त्यात सुमारे ५० ग्रॅम पिष्ट असते. दिवसाकाठी पाच भाकरी म्हणजे २५० ग्रॅम. पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आणखी ५० ग्रॅम. एकूण ३०० ग्रॅम झाले. आणि सोबत कालवण म्हणून बहुधा पातळ आमटी किंवा मिरचीचा ठेचा. आता भाकरी दोनवर आणली, चहातील साखर बंद केली आणि त्यांच्या जागी मूठ-दोन मूठ शेंगदाणे, दोन अंडी, शंभर ग्रॅम मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ आणि पोटभर पालेभाजी ठेवली, तर पिष्ट जवळजवळ निम्म्यावर येते. अंगातील बळ मात्र घटत नाही. गुळाला ‘औषधी’ मानून साखरेऐवजी तो खाण्याची रीत आपल्याकडे आहे. पण रक्तातील साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर ही सख्खी भावंडे होत. एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच आहे.

ज्वारी-बाजरीकडे परत वळले की काम झाले, असेही अलीकडे सांगितले जाते. गव्हा-तांदळापेक्षा भाकरी बरी, यात वाद नाही. पण वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला भाग वेगळेच सांगतो. भारतीय माणसाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. आणि हे प्रमाण तसेच ठेवून नुसते धान्य बदलल्याने धोका कमी झाल्याचे आढळले नाही. पिष्टाचा काही वाटा प्रथिनांना दिला, तेव्हाच तो कमी दिसला.

परदेशातही या मार्गाचा अनुभव केवळ धनिकांच्या आरोग्यधामांतून आलेला नाही. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत काम करणारे साउथपोर्टचे डॉ. डेव्हिड अनविन यांनी आपल्या साध्या दवाखान्यात हा आहार स्वेच्छेने स्वीकारणाऱ्या १८६ मधुमेही रुग्णांचा वृत्तान्त २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ५१ टक्के रुग्णांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. हे रुग्ण स्वतःहून पुढे आलेले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही सामान्य वस्तीत, सरकारी सेवेतून हे घडू शकते, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

‘आधी पोटभर तर मिळू द्या’

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. ज्याला दोन वेळची भ्रांत आहे त्याला ‘भाकरी कमी खा’ म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय?

या आक्षेपामागे आपल्या अर्थशास्त्राचा मोठा इतिहास उभा आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले, ते दरडोई दररोज २२५० कॅलरींच्या आधारे. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४००, तर शहरांसाठी २१०० कॅलरींचा दंडक ठरविला. याच काळात डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे प्रतिपादन असे होते की, धान्य-डाळीचा आपला रोजचा आहार पुरेसा मिळाला तर प्रथिनांची उणीव बहुतांशी आपोआप भरून निघते. खरी टंचाई एकूण अन्नाची आहे. उपाशी देशात हा विचार योग्यच होता. त्यानेच स्वस्त धान्याच्या मागणीला शास्त्रीय बळ दिले.

परंतु सुखात्म्यांच्या विधानात ‘धान्य’ या शब्दाला ‘डाळ’ हा शब्द जोडलेला होता, याचा विसर राज्यकर्त्यांना पडला. कॅलरी मोजता मोजता कॅलरी कशाची, हा प्रश्न मागे राहिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो धान्य दिले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ही लढून मिळविलेली गोष्ट आहे आणि तिच्यातील एक दाणाही कमी होता कामा नये. पण महाराष्ट्राच्या रेशनमध्ये येते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ नाही, तेल नाही, शेंगदाणा नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले. म्हणजे मधुमेही मजुराने ज्याचे प्रमाण कमी करावयाचे ते धान्य फुकट, रोगावरची गोळीही फुकट. आणि रोग आवरणारे अन्न मात्र रोख पैसे मोजून बाजारभावाने! डॉक्टरने कितीही उत्तम सल्ला दिला तरी घरातील बाई हा हिशेब ओलांडू शकत नाही. क्रूर थट्टा होते ती सल्ल्याने नव्हे. सल्ला देऊन अन्न न देण्याने.

उसाने खाल्लेली डाळ

हे अन्न कोठे परदेशातून आणावयाचे नाही. घोडनदी आणि भीमेच्या खोऱ्यातील हा कोरडवाहू मुलूख बाजरीच्या पिकात मटकी, हुलगा, तूर मिसळून घेत असे. रब्बीच्या ज्वारीच्या कडेने करडई आणि हरभरा येई. हुलग्याचे शेंगोळे, माडगे, मटकीची उसळ, करडईची भाजी हे गरिबाचे जेवण होते. कालवे आले. मुठा उजव्या कालव्याचे पाणी दौंडला मिळाले, घोड आणि चासकमानचे पाणी शिरूरला मिळाले, आणि त्या पाण्यावर उभा राहिला तो वर्ष-दीड वर्ष रान अडवून बसणारा ऊस. यात शेतकऱ्याचा दोष नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आणि दारात कारखाना आहे. मटकी-हुलग्याला दोन्ही नाही. ज्या पिकाला हमी, तेच पीक पिकते. दुधाचेही तेच झाले. गोठ्यातील दूध सकाळी डेअरीच्या कॅनमध्ये जाते आणि घरातल्या पोरांच्या वाट्याला साखरेचा चहा येतो.

तरीही जे हाताशी आहे ते थोडे नाही. पालखी सोहळ्यात यवतला वारकऱ्यांच्या पंगतीला पिठले-भाकरी वाढली जाते. हेच जेवण पिठले दुप्पट आणि भाकरी निम्मी करून घेतले, तर मधुमेह्याला चालण्याजोगे होते. आठवडे बाजारातील सुकट, शेपू-चाकवत-मेथीच्या जुड्या, ताक, शेंगदाण्याची चटणी, परसातल्या कोंबडीचे अंडे या साऱ्यांचा उपयोग आहे. बदाम आणि पनीर यांची जाहिरात करणाऱ्यांनी हा आहार महाग करून ठेवला आहे. मुळात तो तसा नाही.

मात्र एक सावधगिरी प्रत्येक कार्यकर्त्याने गाठीशी बांधावी. जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा कमी करून घेतल्याखेरीज भाकरी एकदम तोडू नये. रक्तातील साखर अवाजवी उतरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते. उसाच्या फडात कोयता हाती असताना किंवा यंत्रावर रात्रपाळीत असताना ते जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि झपाट्याने वजन उतरत असलेले रुग्ण यांनी तर सल्ल्याविना कोणताही प्रयोग करू नये.

मागण्या कोणत्या?

पहिली मागणी रेशनची. सध्याच्या धान्याला हात न लावता दरमहा डाळ आणि खाद्यतेल मिळाले पाहिजे. हे अशक्य नाही. तमिळनाडू २००७ पासून तूरडाळ आणि पामतेल सवलतीने देत आले आहे. आपल्याच सरकारने २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत चणाडाळ आणि तेल, शिवाय रवा आणि साखर, वाटून दाखविली. सणाला जे जमते ते बारा महिने का जमू नये? आणि ही डाळ, मटकी, हुलगा कोरडवाहू शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्यावी, म्हणजे खाणारा आणि पिकविणारा या दोघांचेही हित साधेल.

दुसरी मागणी शाळेची. तमिळनाडूने २०१० मध्ये शाळेतील मुलांना आठवड्याला पाच अंडी देण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचाही निधी काढून घेतला. आजचे हाडकुळे मूल उद्याचा मधुमेही आहे, हे ज्या जिल्ह्यातील संशोधनाने सिद्ध केले, त्या जिल्ह्याने तरी हे मुकाट्याने सोसू नये.

तिसरी मागणी कामाच्या जागेची. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद केली होती. २०२० च्या संहितेने ही संख्या १०० वर आणून कंत्राटी कामगारही तिच्यात मोजले. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कामगारांनी तेथे वडा आणि भाताच्या जोडीला उसळ, अंडी आणि बिनसाखरेचा चहा मागून घ्यावा. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आहे. गळीत हंगामात त्यातून फडावर डाळ, तेल पोचविणे आणि साखरेची तपासणी करणे हे त्या पैशाचे पहिले काम ठरावे.

दक्षता समित्या, ग्रामसभा, अंगणवाड्या ही हत्यारे कार्यकर्त्यांच्या हाती आहेतच. ‘रोजी-रोटी’ ही घोषणा देत एका पिढीने उपासमार मागे रेटली. त्या रोटीच्या शेजारी डाळीची वाटी आणि अंडे मांडून घेणे, हे पुढच्या पिढीचे काम आहे. ते झाले नाही, तर ज्याला आपण पोटभर अन्न मिळवून दिले तोच श्रमिक पन्नाशीच्या आत पाय आणि दृष्टी गमावून बसेल, आणि त्याची गणना कोणत्याही दारिद्र्यरेषेत होणार नाही.