पेढीच्या संगणकाला कोणता एसएसडी?

सकाळी संगणक सुरू होईपर्यंत पहिले गिऱ्हाईक ताटकळते, ही तक्रार अनेक पेढ्यांवर ऐकू येते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवला की ती बहुधा मिटते. प्रश्न उरतो स्वस्त की महाग, एवढाच.

क्रुशियल बीएक्स५०० हा साधा साटा एसएसडी सेकंदाला ५४० मेगाबाइटपर्यंत वाचतो. सॅमसंग ९९० प्रो ७,४५० पर्यंत. आकडे पाहून मन मोहते खरे! परंतु टॅलीतील खतावणी आणि बिले म्हणजे लहान लहान नोंदींचे काम. तेथे या सलग वेगाचा कस लागतच नाही. टिकाऊपणाचाही हिशेब मांडावा. बीएक्स५०० च्या १ टेराबाइट नगाची लेखनमर्यादा ३६० टेराबाइट आहे. रोज २० गीगाबाइट लिहिले (पेढीच्या मानाने हे फारच झाले) तरी १८,००० दिवस, म्हणजे सुमारे ४९ वर्षे!

घरात कोणी व्हिडिओ संपादन करीत असेल तर गोष्ट वेगळी. मोठी फाइल उतरवताना स्वस्त एसएसडीतील जलद लेखनाची राखीव जागा भरते आणि तो एकदम मंदावतो. तेथे महाग नग घ्यावा. मात्र आधी संगणकात त्याजोगी एनव्हीएमईची खाच आहे ना, हे तपासावे, साटाची एम.२ खाचही तशीच दिसते.

एसएसडी बिघडताना हार्ड डिस्कसारखी खरखर ऐकू येत नाही. म्हणून वाचलेल्या रकमेत बाहेरून जोडायची डिस्क घ्यावी, आणि पेढी वाढवताना हिशेबाची प्रत तीत उतरवून घरी न्यावी.