बॅटरी डेड? मग आज उडायचं नाही!

सकाळी बाईक सुरू झाली नाही तर आपण काय करतो? सेकंड गिअर टाकतो आणि मित्राला म्हणतो, 'दे धक्का!' चार पावलं पळवली की गाडी सुरू. लेक्चर गाठलं, विषय संपला. पण हेच छोट्या विमानाच्या बाबतीत झालं तर?

माझा एक मित्र पायलट व्हायचं शिकतोय. मध्यंतरी एका सकाळी त्याने विमानात बसून मास्टर स्विच टाकला आणि काहीच झालं नाही. ना दिवा, ना आवाज. आदल्या संध्याकाळी शेवटचं उड्डाण त्याचंच होतं आणि मास्टर स्विच बंद करायचा राहून गेला होता. कमर्शियल लायसन्ससाठी 200 तास भरायचे, प्रत्येक तासाचे पैसे मोजायचे आणि त्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं. तो मला म्हणाला, ''खरं सांगू? पहिला विचार हाच आला की प्रोपेलर हाताने फिरवावा. कुणाला कळणारही नाही.''

तुम्ही म्हणाल, असं होतं का? होतं ना! अशा बहुतेक पिस्टन इंजिनांत ठिणगी बॅटरीतून येत नाही, मॅग्नेटोतून येते. मॅग्नेटोमधलं चुंबक इंजिनाबरोबर फिरतं आणि स्वतःच वीज तयार करतं. असे दोन मॅग्नेटो असतात. बॅटरी लागते ती स्टार्टर फिरवायला. म्हणून हाताने झटका दिला तरी इंजिन सुरू होऊ शकतं. टायगर मॉथसारख्या जुन्या विमानांना तर हाताशिवाय पर्यायच नव्हता.

पण तो जुगाड नव्हता, ती शिस्त होती. कॉकपिटमध्ये जाणकार माणूस, चाकांना अडसर आणि प्रत्येक पायरीला मोठ्याने हाक आणि तिला उत्तर. कारण स्विच 'ऑफ' आहे म्हणजे मॅग्नेटो मेला, असं नसतं. ऑफ केल्यावर तो फक्त एका वायरने ग्राउंड होतो. ती वायर तुटलेली असेल तर नुसता हात लावून फिरवलेला प्रोपेलरही अचानक सुरू होऊ शकतो. आणि फिरणारा प्रोपेलर धड दिसतही नाही. आत कुणी नसेल, तर सुरू झालेलं विमान एकटंच पुढे निघतं. मग ब्रेक कोण दाबणार?

बरं, समजा सगळं नीट झालं. पुढे काय? बॅटरी पार संपली असेल तर अल्टरनेटरला सुरुवातीचा करंटच मिळत नाही, म्हणजे तो चार्जिंगही करेल याची खात्री नाही. इंजिन चालेल, पण रेडिओ नाही, दिवे नाहीत, विजेवर चालणारे फ्लॅप्स नाहीत. असं विमान घेऊन तुम्ही वर जाणार? 'मग कारची बॅटरी जोडू' म्हणाल, तर थांबा. कार 12 व्होल्टची असते आणि नव्या सेसना 172 मधली बॅटरी 24 व्होल्टची.

माझं म्हणणं इतकंच आहे, की 'सुरू होईल का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'बंद का पडलं?' हे आधी विचारा. आपल्याला जुगाडाचं भारी कौतुक. हाताने इंजिन सुरू करणाऱ्या रीलला आपण धडाधड लाईक देतो. पण 'आज नको' म्हणून विमानातून उतरणाऱ्याची रील कुणी पाहिलीय? माझ्या मते खरा दम त्यालाच लागतो. त्यातही चूक आपलीच असेल, तर जास्तच.

माझा मित्र उतरला आणि सरळ इन्स्ट्रक्टर सरांकडे गेला. म्हणाला, ''सर, मास्टर माझ्याकडून चालू राहिला.'' सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. इंजिनीअरने बॅटरी काढून तपासायला आणि चार्जिंगला नेली. दिवसाचा स्लॉट गेला, पैसे मात्र वाचले आणि हातही.

आता तो बीकनचा स्विच कायम ऑनच ठेवतो. उतरून निघताना एकदा मागे वळून बघतो. लाल दिवा लुकलुकत असेल, तर मास्टर चालू राहिलाय. मग परत जातो आणि बंद करतो. दोन सेकंदांचं काम!