विश्लेषण : एक नॅनोमीटरचे वंगण मोजायचे कसे, आणि कशासाठी?

शिवणयंत्रात तेल किती घालायचे, हे हाताला कळते. दोन थेंब जास्त पडले, तर फार तर कापडाला डाग पडतो. हार्ड डिस्कला ही सवलत नाही. तिच्या तबकडीवरचा वंगणाचा थर जेमतेम एक नॅनोमीटर जाड असतो. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. एवढ्या पातळ थराची जाडी मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असे वाटू शकते. पण आपली माहिती सुरक्षित राहणे या मोजमापावरही अवलंबून आहे.

हा थर नेमका काय करतो?

फोटो ‘क्लाउड’वर गेले, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते नवी मुंबईत किंवा आणखी कुठे, एखाद्या डेटा सेंटरमधल्या डिस्कवर जातात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये तबकडीची कड ताशी १२० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. माहिती वाचणारे-लिहिणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगते. चुकून स्पर्श झालाच, तर तबकडीवरचा कार्बनचा लेप आणि त्यावरचे फ्लोरिनयुक्त वंगण तिला वाचवतात. वंगण कमी पडले, तर लेप झिजतो. जास्त झाले, तर ते हेडवर चढते. वंगणाचे काही रेणू लेपाला घट्ट धरून असतात, काही मोकळे असतात. उघडी पडलेली जागा हे मोकळे रेणू सरकून भरतात.

नेहमीचे गणित का चालत नाही?

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलेले वंगणाचे समीकरण तेलाला सलग द्रव मानते. बेअरिंगसाठी ते आजही उपयोगी आहे. पण एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत जेमतेम काही रेणू मावतात. हॉर्न आणि इस्रायलाश्विली यांनी १९८१ मध्ये अभ्रकाच्या दोन पृष्ठांमधील द्रवाचे बल मोजले. पृष्ठे जवळ आणताना ते कधी ढकलणारे, तर कधी ओढणारे आढळले, कारण रेणू थराथराने रचले जात होते. म्हणजे बाटलीतल्या तेलाची चिकटाई मोजून इथले वर्तन सांगता येत नाही.

मग मोजतात कसे?

इलिप्सोमीटर पृष्ठावर ध्रुवित प्रकाश टाकतो. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणात झालेल्या बदलावरून नॅनोमीटरच्या अंशापर्यंत जाडी काढता येते. मात्र प्रकाशाचा ठिपका रेणूंच्या मानाने प्रचंड असल्याने मिळते ती सरासरी. अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई एकेक जागा चाचपते. आयबीएमच्या संशोधकांनी १९८९ मध्ये द्रवाचे पातळ थर तिने मोजून दाखवले. पण द्रव सुईवर चढतो आणि आकडा फुगतो. क्ष-किरणांची पद्धत पृष्ठावरचे अणू ओळखते आणि त्यावरून जाडीचा अंदाज बांधते. त्यामुळे एकाच थराचे तीन आकडे निघू शकतात. म्हणून एका यंत्राच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. पद्धती एकमेकींशी ताडून पाहायलाच हव्यात.

आपल्याला यातून काय घ्यायचे?

फोनमधल्या त्वरणसंवेदकासारख्या सिलिकॉनच्या सूक्ष्म यंत्रांत तर तेल घालताच येत नाही. पृष्ठताणामुळे हलते भाग एकमेकांना चिकटून बसतात. तिथे एका रेणूएवढा जाड, न चिकटणारा लेप कामी येतो. चिपवरचे पातळ थर मोजायलाही इलिप्सोमीटर वापरतात. देशात चिप उद्योगाची चर्चा होते, तेव्हा ती बहुतेक कारखाने, जमीन आणि अनुदान यांभोवती फिरते. मोजमापाच्या प्रयोगशाळा, प्रमाणित नमुने आणि यंत्राच्या आकड्यावर शंका घेऊ शकणारे तंत्रज्ञ मागे राहतात. हा क्रम बदलायला हवा. यंत्रसामग्री परदेशातून आणता येते, पण कोणता आकडा किती खरा, हे पारखणारी माणसे इथेच घडवावी लागतील. त्यांच्यावर होणारा खर्च हा वरखर्च नव्हे. या उद्योगाचा तोच पाया आहे.