पेटीतली वीज आणि पदरात पडणारी वीज

आटपाडी तालुक्याचे नाव निघाले की पाण्याचा प्रश्न प्रथम डोळ्यांपुढे उभा राहतो. माणगंगेच्या काठचा हा अवर्षणप्रवण प्रदेश. येथे पाणी आकाशातून पुरेसे पडत नाही. ते विहिरीतून, विंधन विहिरीतून किंवा टेंभू योजनेद्वारे कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलून आणावे लागते. एक युनिट वीज, काहीही वाया न जाता, एक हजार लिटर पाणी सुमारे ३६७ मीटर उंच नेऊ शकते. प्रत्यक्षातला पंप आणि मोटर यांच्याकडून याच्या निम्मे काम झाले तरी पुष्कळ. तेव्हा या तालुक्यात पाण्याचा प्रश्न हा विजेचाही प्रश्न आहे, हे ओघानेच आले.

विजेच्या या प्रश्नावर आता बाजाराने एक नवे उत्तर पुढे केले आहे. एका हाताने उचलता येईल अशी पेटी, आत लिथियमची बॅटरी, इन्व्हर्टर, सौर तबकडी जोडण्याची सोय आणि बाहेर दोन-चार सॉकेट. धूर नाही, आवाज नाही. ही कल्पना मात्र या भागाला अगदीच नवी नव्हे. आटपाडी आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी ही दोन्ही ठिकाणे एकेकाळी औंध संस्थानात होती. यंत्रशक्ती शेताच्या बांधापर्यंत नेण्याचे स्वप्न या मुलखाने फार पूर्वी पाहिले. बैलगाडीवर घालून एका विहिरीवरून दुसरीवर नेलेले डिझेल इंजिन हे त्या अर्थाने जुन्या काळातले फिरते वीजघरच होते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिटांइतकी ऊर्जा असते. लहान जनित्रातून त्यांपैकी जेमतेम अडीच ते तीन युनिटे हाती लागतात. डिझेलचा भाव नव्वद रुपयांच्या आसपास धरला, तर नुसत्या इंधनापोटी युनिटामागे किमान तीस रुपये पडतात. बॅटरीची पेटी याहून कार्यक्षम आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो ती कितपत कार्यक्षम आहे, आणि तिची किंमत अखेर कोण मोजतो, हा.

पेटी वीज निर्माण करीत नाही, ती साठवते. आणि साठवणुकीच्या प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. वीज चार्जरमधून आत जाते, बॅटरीत रासायनिक रूपात बसते, पुन्हा बाहेर निघते आणि इन्व्हर्टर तिचे घरगुती विजेत रूपांतर करतो. चांगल्या लिथियम पेटीत या तीन टप्प्यांची कार्यक्षमता ९३, ९५ आणि ९० टक्के धरली, तर शंभर युनिटांपैकी सुमारे ८० पदरात पडतात. घरोघरच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी हेच आकडे ८५, ८० आणि ८५ धरले, तर हाती उरतात अवघी ५८. त्यातही १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असली, तरी ती निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वापरण्याजोगे ९०० वॉट-तास, आणि इन्व्हर्टरची गळती वजा जाता साडेसातशेच्या आसपास. जाहिरातीतला आकडा आणि घरातला आकडा यांत एवढे अंतर आहे.

याहून दुर्लक्षित गळती रिकामेपणाची. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःसाठी काही वीज घेतोच. हा खप पंधरा वॉटचा मानला, तर दिवसाला ३६० वॉट-तास कोणताही दिवा न लावता संपतात. मोबाइल चार्ज करण्यासाठी रात्रभर मोठी पेटी चालू ठेवणे म्हणजे घागरभर पाण्यासाठी टँकर बोलावण्यासारखे आहे.

आता खर्चाचा हिशेब पाहू. उदाहरणादाखल एक युनिट क्षमतेची पेटी पन्नास हजार रुपयांना मिळते असे समजू. ती तीन हजार वेळा भरता-रिकामी करता येते आणि दर खेपेला ०.८५ युनिट देते असे धरले, तर आयुष्यभरात ती सुमारे २५५० युनिटे देईल; युनिटामागे वीस रुपये, शिवाय भरलेल्या विजेचे दाम वेगळे. परंतु ती रोज वापरली तरच हा हिशेब खरा. वर्षातून शंभर वेळा, केवळ वीज गेल्यावर ती वापरली आणि दहा वर्षांनी बाद झाली, तर तीच वीज युनिटामागे जवळजवळ साठ रुपयांना पडते. साठवणुकीच्या अर्थकारणाचे मर्म येथे आहे. जी पेटी कोपऱ्यात सज्ज बसून राहते, तिची वीज सर्वांत महाग असते.

मग काटकसर कोठे करावी? उत्तर पेटीच्या आत नसून बाहेर आहे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. नव्या बीएलडीसी मोटरीचा पंखा तीसच्या आसपास. ८५० वॉट-तास देणाऱ्या पेटीवर जुने दोन पंखे साडेपाच तासांच्या पुढे फारसे चालणार नाहीत. नवे दोन पंखे चौदा तास चालतील. दुप्पट मोठी पेटी घेण्यापेक्षा पंखे बदलणे कितीतरी स्वस्त. आणि हे पंखे वीज असतानाही बिल वाचवीत राहतात, पेटी मात्र तेव्हाही थोडी वीज खातच असते.

शेतीपंपाच्या बाबतीत तर पेटीचा विचारच गैरलागू ठरतो. पाच अश्वशक्तीच्या मोटरीला ३.७ किलोवॉटहून अधिक वीज लागते आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या कित्येक पट असतो. लहान पेटी तो सोसणार नाही. सोसलाच तर पाव तासात रिती होईल. सौरपंप येथे अधिक शहाणपणाचा मार्ग दाखवतो. त्यात बॅटरी नसते. ऊन असेल तेव्हा मोटर चालते आणि पाणी शेततळ्यात साठते. डाळिंबाच्या या पट्ट्यात शेततळे शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचे आहे. बाष्पीभवनाचे नुकसान आहे, अस्तराचा खर्च आहे. तथापि पाणी उपसायचे असेल तर वीज साठवण्यापेक्षा पाणीच साठवणे सोपे आणि टिकाऊ. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरावी लागते. पंप बंद असताना तबकड्यांची वीज वाया जाते, हा मात्र त्यातला दोष. योग्य नियंत्रक बसविल्यास त्याच विजेवर पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी चालू शकते. या सोयीचा आग्रह शेतकऱ्यांनी धरावयास हवा.

याउलट, जेथे तार पोहोचूच शकत नाही तेथे पेटीचे मोल निर्विवाद आहे. मेंढरे घेऊन महिनोन्‌महिने मुलूख पालथा घालणाऱ्या धनगर कुटुंबाला रात्री एक दिवा आणि दिवसा मोबाइल चार्ज होणे, एवढी त्याची गरज. त्यासाठी मोठी पेटी नको, इन्व्हर्टरही नको. लहान तबकडी, लहान बॅटरी आणि थेट तिच्यावर जळणारा एलईडी दिवा पुरे. रूपांतराची एक पायरी गाळली की गळतीही टळते आणि किंमतही उतरते.

यापुढचा प्रश्न मात्र तांत्रिक नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने तीव्र भारनियमन सोसले आणि शहरांतील सुखवस्तू घरांनी इन्व्हर्टर घेऊन आपल्यापुरता तोडगा काढला. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक मार्मिक मुद्दा मांडला होता. नायजेरियातील रेल्वे ढासळत होती. मालमोटारींचा पर्याय मिळताच ज्यांच्या तक्रारीला वजन होते ते ग्राहक निघून गेले आणि रेल्वेवर सुधारणेचा दाब राहिला नाही. विजेचेही असेच होण्याचा धोका आहे. गावातला शिक्षक, व्यापारी, बागायतदार यांच्या घरी पेटी आली की वीज कचेरीत तक्रार नेणारे कोण उरणार? उरतील ते अंधारात अभ्यास करणारे विद्यार्थी आणि ज्यांच्या अर्जाला उत्तर मिळत नाही अशी घरे.

राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. तिचा दिलासा खरा आहे. पण फुकट वीज वेळी-अवेळी आणि कमी दाबाने आली, तर तिची किंमत जळालेल्या मोटरीत आणि रात्रीच्या जागरणात मोजावी लागते. शिवाय वीज फुकट असताना कार्यक्षम पंप घेण्याचे कारण शेतकऱ्यापाशी उरत नाही. अनुदानाचा काही भाग जुने पंप बदलण्याकडे आणि गावच्या वाहिन्या सुधारण्याकडे वळविला, तर तोच पैसा अधिक काळ उपयोगी पडेल.

बॅटरीच्या पेट्यांविषयी सरकारकडून अपेक्षा मोठी नाही. प्रत्येक पेटीवर बॅटरीची नाममात्र क्षमता नव्हे, तर सॉकेटमधून प्रत्यक्ष मिळणारे वॉट-तास, रिकामा खप आणि आयुष्याचे फेरे ठळक मराठीत छापलेले असावेत. वजनकाट्याची तपासणी करणारे शासन विजेच्या मापाकडे काणाडोळा करू शकत नाही. ग्राहकानेही आधी आपली गरज वॉट-तासांत मोजावी, मग पंखे-दिवे बदलावेत आणि पेटीचा विचार शेवटी करावा. आणि पेटी घेतल्यावरही वीज कचेरीतली तक्रार मागे घेऊ नये. कारण शेजाऱ्याच्या घरातला अंधार आपल्या पेटीने दूर होत नाही.