बादलीतली कोळंबी आणि खाडीचे पाणी

नवी मुंबईच्या खाडीकाठी गळाने जिताडा धरायचा तर जिवंत कोळंबीसारखे आमिष नाही. हा मासा हलत्या भक्ष्यावर झेपावतो. मात्र विकत घेतलेली कोळंबी टिकवणे कठीण. पाणी खारेच लागते. ते तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि मेलेली कोळंबी वेळीच काढली नाही तर उरलेल्याही दगावतात. म्हणून जाणकार बादलीत गर्दी करत नाहीत, ती सावलीत ठेवतात आणि पाणी बदलत राहतात.

खाडीलाही हाच न्याय लागू पडतो. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिल्ले वाढीसाठी खारफुटीच्या आश्रयाला येतात. भराव आणि सांडपाणी यांचा घाला नेमका तेथेच पडतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या नाशाला मनाई केली. २०२१ मध्ये तिसऱ्या वाशी खाडीपुलाच्या प्रकरणात बाधित मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण आखण्यास सांगितले. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. हे सारे स्वागतार्हच; परंतु भरपाई एकदा मिळते, कोळंबी दर हंगामात लागते. तेव्हा खाडीतील मत्स्यबीजाचा हिशेब प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वीच मांडला गेला पाहिजे.