आधी मोजा, मग अडवा : लोड बॅलन्सरवरील नोंदी आणि काउंटर यांबाबतचे मागणीपत्र

प्रति,
मा. विभागप्रमुख आणि देखभालीचे मुख्य कंत्राटदार

महोदय,

नागरिकांचे ऑनलाइन अर्ज स्वीकारणारी संकेतस्थळे रात्रंदिवस चालू ठेवणाऱ्या अभियंत्यांची ही संघटना आहे. संकेतस्थळ अडकले की पहिला फोन आम्हाला येतो आणि खुलाशाची नोटीसही आम्हालाच. पण लोड बॅलन्सरवर, म्हणजे आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेवर, काय मोजायचे आणि कुणाला कुठे अडवायचे, हे ठरवताना आम्हाला विचारले जात नाही.

प्रवेशाच्या हंगामातली एक सकाळ सांगतो. तालुक्याच्या अर्ज केंद्रातून फोन आला : “साहेब, अकरा मशीन आहेत, एकावरही साइट उघडत नाही. मोबाइलवर मात्र उघडतेय.” सर्व्हर ठणठणीत होते. अकराही संगणक एकाच राउटरमागे, म्हणजे आमच्या लेखी एकच आयपी पत्ता. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका संकेतस्थळाशी ६ कनेक्शनपर्यंत उघडतो. ११ मशीनची झाली ६६. एका पत्त्याला मर्यादा होती २०. हल्लेखोरासाठी लावलेला अडसर दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या पालकांना आडवा आला, आणि कारण सापडेपर्यंत दुपार झाली.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक रिक्वेस्टला स्वतंत्र क्रमांक द्यावा. आपल्या लोड बॅलन्सरवरच्या एचएप्रॉक्सी या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, फक्त चालू करायची आहे. हा क्रमांक हेडरमधून मागच्या सर्व्हरपर्यंत जावा, दोन्हीकडच्या लॉगमध्ये उमटावा आणि त्रुटीच्या पानावर अर्जदाराला दिसावा. आज “साडेदहाच्या सुमारास अडकलं” एवढ्याच धाग्यावर आम्ही लॉग उपसतो.

२. केवळ आयपी पत्त्यावर मर्यादा लावू नये. लॉगिन झालेल्यांची मोजणी खात्यानुसार करावी. लॉगिन आणि ओटीपीच्या पानांना कडक, तर साध्या माहितीच्या पानांना सैल मर्यादा ठेवावी. चालू कनेक्शन आणि दर १० सेकंदांतल्या रिक्वेस्ट हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही ठेवावेत. पुढे दुसरा प्रॉक्सी असेल, तर मूळ पत्ता सांगणारा हेडर फक्त आपल्याच प्रॉक्सीकडून आला तरच मानावा, कारण तो कुणालाही खोटा लिहिता येतो.

३. नवी मर्यादा लावण्याआधी १४ दिवस नुसते मोजावे. त्या काळात अर्जाची एखादी शेवटची तारीख येऊन गेलेली असावी. गर्दीच्या दिवसाचे आकडे हाती नसताना ठरवलेली मर्यादा म्हणजे अंदाजपंचे कारभार.

४. मर्यादा ओलांडणाऱ्याचे कनेक्शन मुकाट्याने तोडू नये. २०१२ पासून एचटीटीपीत यासाठी ४२९ हा संकेत आहे. तो द्यावा आणि किती सेकंदांनी पुन्हा यावे, ते मराठीत सांगावे.

५. मोजणीचे हे काउंटर लोड बॅलन्सरच्या मेमरीत राहतात. कॉन्फिगरेशन रिलोड केले की नव्या प्रोसेसची पाटी कोरी असते. पीअर जोडणी, म्हणजे एका प्रोसेसचे काउंटर दुसरीला पाठवण्याची सोय, लावून हे टाळावे. मात्र दोन लोड बॅलन्सर एकाच वेळी चालत असतील, तर या जोडणीने दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. मर्यादा ठरवताना हे ध्यानात घ्यावे.

६. रात्रपाळीच्या अभियंत्याला चालू काउंटर पाहण्याची मुभा द्यावी. बदल करण्याचा अधिकार आम्ही मागत नाही.

७. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यासाठी पुरेशी साठवण द्यावी. लॉगमध्ये आधार क्रमांक किंवा ओटीपी उमटणार नाही, अशी पानांच्या पत्त्यांची (यूआरएल) रचना करावी.

८. वरील नोंदी उपलब्ध नसताना घडलेल्या बिघाडाची जबाबदारी पाळीवरच्या कर्मचाऱ्यावर टाकू नये.

यातल्या बहुतेक मागण्यांना नवी खरेदी लागत नाही. कॉन्फिगरेशनच्या काही ओळी, साठवणीची थोडी तरतूद आणि निर्णय घेणाऱ्यांची सही पुरेशी आहे. या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे आणि अंमलबजावणी पुढच्या प्रवेश हंगामाआधी व्हावी, ही विनंती.

पुढच्या जूनमध्ये तालुक्याहून तोच फोन पुन्हा आला, तर “पानावरचा क्रमांक सांगा” एवढे म्हणून पाच मिनिटांत उत्तर देता यावे, यासाठीच हे मागणे आहे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद